फुटबॉल खेळणाऱ्या मुलांमध्ये खिलाडूवृत्ती कशी रुजवायची

एक पास चुकतो. सोबत्याने दिलेला बॉल दोन पावलं मागे पडतो आणि समोरच्या संघाच्या पायात जातो. तो पास ज्याच्यासाठी होता, तो मुलगा दोन्ही हात हवेत उडवतो, मांड्यांवर आपटतो, मान हलवतो. तोंडातून शब्द काढत नाही. पण तेवढ्यात तीन गोष्टी होऊन गेलेल्या असतात. बॉल परत मिळवायची सगळ्यात सोपी दोन-तीन सेकंदं वाया जातात. पास देणाऱ्याचा चेहरा उतरतो. आणि पुढच्या वेळी तो या मुलाकडे बघणारही नाही, बॉल लांब उडवून मोकळा होईल.

खिलाडूवृत्ती बहुतेक वेळा इथेच मोडते. मारामारी, शिवीगाळ, लाल कार्ड हे फार पुढचं, आणि मुलांच्या सामन्यात तसं विरळाच. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी म्हणून या हात उडवण्यापासून सुरुवात करावी. पासिंग जसं रोज घोटून पायात बसतं, तसंच वागणंही सरावात घोटावं लागतं. सामन्याआधीच्या पाच मिनिटांच्या भाषणाने ते येत नाही.

"नीट वाग" म्हणजे नेमकं काय?

"चांगलं वागा", "आदर ठेवा" या सूचना आठ वर्षांच्या मुलाला कळत नाहीत, कारण त्यात करायचं काय ते सांगितलेलंच नसतं. डोळ्यांना दिसेल अशी कृती सांगा. चार नियम पुरे होतात:

- शिट्टी वाजली की बॉल सोडायचा आणि आपल्या जागी जायचं.
- सोबत्याचं चुकलं की हात खाली, आणि आपला ठरलेला शब्द बोलायचा.
- कुणी पडलं तर आधी विचारायचं, मग हात द्यायचा.
- सामना संपला की आधी हस्तांदोलन, मग पाणी.

पहिल्या सरावात दहा मिनिटं काढून प्रत्येक नियम मुलांकडून दोनदा करून घ्या, आधी मुद्दाम चुकीचा आणि मग बरोबर. चुकीचं करताना मुलं खूप हसतात, आणि नेमकं तेच त्यांच्या लक्षात राहतं. बारा वर्षांपुढच्या मुलांना नियम त्यांनाच ठरवू द्या. तुम्ही फक्त ते चारच राहतील आणि प्रत्येकात कृती असेल एवढं बघा.

चुकीनंतरची पाच सेकंदं

यासाठी एक खेळ आहे. साधारण २५ बाय २० मीटरचा चौकोन कोन लावून आखा, दोन्ही टोकांना छोटे गोल, चार विरुद्ध चार, गोलकीपर नाही. सहा-सहा मिनिटांचे दोन डाव. गोलला एक गुण. बॉल गमावल्यावर ज्याच्याकडून गेला तो आणि त्याच्या जवळचा सोबती, दोघंही लगेच बॉलमागे धावले तर त्यांच्या संघाला आणखी एक गुण, मग बॉल परत मिळो वा न मिळो. प्रशिक्षकाने मोठ्याने पाचपर्यंत मोजायचं. कुणी हात उडवले, सुस्कारा टाकला, सोबत्यावर ओरडलं, की पुढच्या वेळी बॉल त्यांच्याकडे येताच तो जिथे असेल तिथे समोरच्या संघाला द्यायचा.

यात दोन गोष्टी हमखास चुकतात. प्रशिक्षक बॉलकडे बघत राहतो आणि हात उडवणारं मूल त्याच्या नजरेतून सुटतं. त्यासाठी सहायकाला किंवा त्या दिवशी न खेळणाऱ्या मुलाला फक्त हातांवर नजर ठेवायला सांगा. दुसरं म्हणजे, दर वेळी खेळ थांबवून समज दिली जाते. ते करू नका. बॉल द्या, खेळ चालू ठेवा. पहिल्या दिवशी बॉल सारखा या संघाकडून त्या संघाकडे द्यावा लागेल, पण त्याने बिघडत नाही.

ठरलेला शब्द मुलांनाच निवडू द्या. "पुढचा!", "चल, परत!" असं काहीही चालेल, फक्त छोटा आणि पुढे बघायला लावणारा हवा. "सॉरी" मात्र नको. काही मुलं प्रत्येक चुकीवर सॉरी म्हणतात आणि ते गोड वाटतं, पण ते मूल अजून त्या चुकीतच अडकलेलं असतं आणि खेळ पुढे गेलेला असतो. एकदा हात वर करून चूक मान्य केली की झालं.

गोलकीपरसाठी वेगळा नियम लागतो, कारण त्याची चूक थेट फलकावर दिसते. गोल खाल्ल्यावर सगळे पाठ फिरवून मध्यावर जातात आणि एकटा गोलकीपर जाळीतून बॉल काढत बसतो. हे दृश्य बदला. जवळचा बचावपटू बॉल आणायला जाईल आणि परतताना गोलकीपरच्या खांद्यावर हात ठेवेल, एवढं ठरवून टाका. मोठ्या मुलांना २००१ च्या चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत सांगता येईल. बायर्न म्युनिकच्या ऑलिव्हर कानने शूटआउटमध्ये तीन पेनल्टी अडवून करंडक जिंकून दिला, आणि जल्लोष चालू असताना तो व्हॅलेन्सियाचा रडणारा गोलकीपर सांतियागो कान्यिझारेस याला धीर द्यायला गेला. गोलकीपरचं दुःख काय असतं ते गोलकीपरलाच ठाऊक.

पंचांशी वागणं

फुटबॉलच्या नियमांत पंचांचा निर्णय अंतिम असतो आणि शब्दांनी वा हावभावांनी नाराजी दाखवली तर पिवळं कार्ड मिळतं. हावभावही त्यात येतात हे पुष्कळ मुलांना माहीतच नसतं. पंचांकडे बघून उपरोधाने टाळ्या वाजवणं, बॉल जमिनीवर आपटणं हे कार्डाचंच काम आहे. शिट्टीनंतर बॉल लाथेने दूर घालवला किंवा हातात घेऊन चालत राहिलं, तर खेळ पुन्हा सुरू व्हायला उशीर केल्याबद्दल कार्ड मिळतं. फ्री किकच्या वेळी ९.१५ मीटर मागे न हटणं हेही त्यातलंच. लहान मैदानांवर हे अंतर स्पर्धेच्या नियमाप्रमाणे कमी असतं. नियम ठरवणाऱ्या आयफॅब मंडळाने मुलांच्या स्पर्धांना तात्पुरतं बाहेर बसवण्याची शिक्षा वापरायची मुभा दिली आहे. तिचा अवधी एकूण वेळेच्या १० ते १५ टक्के असतो. म्हणजे ५० मिनिटांच्या सामन्यात तोंड टाकणाऱ्या एका मुलापायी संघ पाच ते साडेसात मिनिटं एका खेळाडूने कमी.

पंचांशी बोलायला फक्त कर्णधाराने जायचं. २०२४ च्या युरो स्पर्धेत मोठ्या खेळाडूंनाही हाच दंडक होता. कर्णधाराला पद्धत शिकवा: खेळ थांबलेला असताना, चालत, दोन हात अंतरावर उभं राहून, हात मागे. "सर, तो फाउल कशासाठी होता?" किंवा "मॅडम, तो फाउल कशासाठी होता?" उत्तर ऐकायचं, "ठीक आहे" म्हणायचं, आणि येऊन संघाला सांगायचं. निर्णय बदलून मागायचा नाही, कारण खेळ पुन्हा सुरू झाला की तो बदलता येतही नाही. कर्णधारपद दर सामन्याला फिरवा, म्हणजे हे बोलणं प्रत्येकाला जमेल.

आता सराव. पंधरा मिनिटांच्या सराव सामन्यात दोन-तीन निर्णय मुद्दाम चुकीचे द्या. थ्रो-इन भलत्याच संघाला, फाउल नसताना शिट्टी. पहिल्या वेळी आधीच सांगून ठेवा: "आज मी चुकणार आहे, बघू कोण आधी जागेवर पोचतं." जो संघ लवकर सावरून उभा राहतो त्याला गुण. दोन-तीन सरावांनंतर न सांगता करा. चांगला झालेला गोल रद्द करणं मात्र मुलं तयार झाल्यावरच, आणि महिन्यातून एखाद्या वेळी. हे अति झालं तर मुलांचा तुमच्यावरचा विश्वास उडतो आणि सगळाच खेळ खोटा वाटायला लागतो.

याहून चांगला उपाय म्हणजे मुलांच्या हातात शिट्टी देणं. प्रत्येक सरावात दोघांना पाच-पाच मिनिटं पंच करा. दहा जण एकाच वेळी "सर, हँड!" म्हणून अंगावर आले की कसं वाटतं, हे एकदा अनुभवलेलं मूल पुन्हा तसं ओरडताना थबकतं. आमच्या मते या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

मुलांना कार्डांची गोष्टही आवडते. १९६६ च्या विश्वचषकात कुणाला ताकीद मिळाली यावरून गोंधळ झाला. पंच आणि खेळाडू यांची भाषाच वेगळी होती. इंग्लंडचे पंच केन अॅस्टन यांना रस्त्यावरच्या सिग्नलचे रंग बघून पिवळ्या आणि लाल कार्डांची कल्पना सुचली, आणि १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात ती पहिल्यांदा वापरली गेली.

फाउल, राग आणि दुखापत

कुणी पाडलं, कानाजवळ टोमणा मारला, की राग येणारच. "रागावू नकोस" म्हणून काही होत नाही. अशा वेळी पायांनी काय करायचं ते सांगा: उठायचं, पाठ फिरवायची, आपल्या गोलच्या दिशेने पाच पावलं चालायचं, श्वास लांब सोडायचा. पाठ फिरवणं यात सगळ्यात महत्त्वाचं, कारण समोरासमोर उभं राहिलं की छातीला छाती लागते आणि मग हात उठतो. शिवाय पंचांची नजर पहिला धक्का बसल्यावर तिकडे वळते, त्यामुळे सापडतो तो परत मारणारा. २००६ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात फ्रान्सच्या झिनेदिन झिदानने सातव्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला होता. इटलीच्या माटेराझ्झीच्या बोलण्यावर चिडून त्याच्या छातीवर डोकं मारलं म्हणून ११० व्या मिनिटाला त्याला लाल कार्ड मिळालं. पुढे शूटआउटमध्ये फ्रान्स हरला, तेव्हा पेनल्टी मारायला झिदान नव्हता.

जवळच्या सोबत्यालाही काम द्या. त्याने आपल्या चिडलेल्या मुलासमोर उभं राहायचं, तोंड आपल्या मुलाकडे, पाठ समोरच्या संघाकडे, आणि त्याला मागे न्यायचं. समोरच्या संघाला समजवायला जायचं नाही. त्यातून दोघांचं भांडण चौघांचं होतं.

आपल्याकडून फाउल झाला तर हात वर करायचा आणि पडलेल्याजवळ जायचं. पण लगेच हात धरून ओढायचं नाही. आधी विचारायचं, "लागलं का? उठतोस?" डोकं, मान किंवा पाठीला लागलं असेल, मूल उत्तर देत नसेल, भांबावलेलं दिसत असेल, तर त्याला हलवू नये, पंचांना हाक मारावी. चांगल्या मनाने घाईत ओढून उठवणं इथे धोक्याचं ठरतं. डोक्याला मार बसल्याची शंका असलेलं मूल त्या दिवशी पुन्हा खेळत नाही, मग ते स्वतः कितीही "बरा आहे" म्हणो.

समोरचा जखमी असताना बॉल बाहेर घालवण्याचा रिवाजही मुलांना नीट सांगायला हवा. एका संघाने बॉल मुद्दाम बाहेर घालवला, तर थ्रो-इन मिळालेला संघ तो परत देतो. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, म्हणूनच नव्याला ते कळत नाही. इंग्लंडमधल्या १९९९ च्या एफए कप स्पर्धेत शेफील्ड युनायटेडने असाच बॉल बाहेर काढला. आर्सेनलकडून पहिलाच सामना खेळणाऱ्या कानूने परत दिला जाणारा थ्रो पकडून पास दिला आणि ओव्हरमार्सने गोल केला. आर्सेनल २-१ जिंकलं. प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी स्वतःहून सामना पुन्हा खेळायची तयारी दाखवली, आणि तो खरंच पुन्हा खेळला गेला. तुमच्या संघात नवं मूल आलं की पहिल्याच आठवड्यात त्याला हा रिवाज करून दाखवा.

खरं बोलायची सवय

प्रामाणिकपणा एकदम पेनल्टीच्या प्रसंगी येत नाही. त्याची सुरुवात थ्रो-इनपासून करा. सरावाचा अर्धा सामना पंचांशिवाय खेळवा, बॉल कुणाकडून बाहेर गेला ते मुलांनीच सांगायचं. पाच-सहा सेकंदांत एकमत झालं नाही तर बॉल मध्ये टाकून पुन्हा सुरू. पहिल्यांदा खूप हुज्जत होते, मग मुलांना आपोआप कळतं की भांडण्यात खेळायचा वेळ जातो. रडीचा डाव खेळणाऱ्याला बाकीची मुलंच सांगायला लागतात. त्यानंतर कॉर्नर, आणि शेवटी हँडबॉल.

सगळा खेळ फिरतो तो प्रशिक्षकाच्या पहिल्या प्रतिक्रियेवर. तुमच्या संघातल्या मुलीने सामन्यात सांगितलं, "सर, माझ्या हाताला लागला." समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली, गोल झाला. त्या क्षणी तुम्ही कपाळाला हात लावलात तर ती पुन्हा कधी बोलणार नाही, आणि ते पाहणारी बाकीची मुलंही नाही. तेव्हाच, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तिला शाबासकी द्या. २०१२ मध्ये इटलीतल्या लाझिओ संघाच्या मिरोस्लाव्ह क्लोजने नापोलीविरुद्ध गोल हाताला लागून झाल्याचं पंचांना सांगितलं, गोल रद्द झाला आणि लाझिओ ३-० हरलं. मुलांना हा शेवटही सांगा. खरं बोललं की जिंकतो, असं शिकवलंत तर पहिल्या पराभवातच ते खोटं ठरेल.

खोटं पडणं हे पिवळ्या कार्डाचं काम आहे, हे एकदा सांगून पुढे चला. बहुतेक मुलं ते टीव्हीवर बघून करतात. टाळ्या मिळाल्या नाहीत की ते आपोआप थांबतं.

मोठा विजय, मोठा पराभव

पाच-शून्यने पुढे असताना "आता गोल करू नका" सांगणं बरोबर नाही. नुसते पास देत बॉल फिरवत राहिलं तर समोरच्या मुलांना आणखीच खिजवल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा बचावपटूंना पुढे आणि पुढच्यांना मागे खेळवा, कमजोर पायानेच शॉट मारायचा नियम द्या, स्पर्धेचे नियम परवानगी देत असतील तर एक खेळाडू कमी करा. हे सगळं हळू आवाजात, समोरच्यांना कळणार नाही असं. चौथ्या गोलनंतर जल्लोष फक्त हाताला हात लावण्यापुरता ठेवा. एरवीही जल्लोष आपल्या सोबत्यांकडे धावत जाऊन करावा. शर्ट काढला तर पिवळं कार्ड आहेच.

हस्तांदोलनाला मुलं रांगेत लागतात तेव्हा गडबड होते ती शेवटी. प्रशिक्षक निघून गेलेला असतो आणि चिडलेलं मूल हात चुकवतं किंवा जोरात दाबतं. कर्णधार पुढे, प्रशिक्षक सगळ्यात मागे, आणि राग नाकाच्या शेंड्यावर असलेलं मूल प्रशिक्षकाच्या बरोबर पुढे. उजवा हात, डोळ्यांत बघायचं, "छान खेळलात". मग पंचांनाही हात द्यायचा. रडणाऱ्या मुलाला ओढत रांगेत आणू नका. त्याला दोन मिनिटं पाणी पिऊ द्या, मग त्याच्यासोबत तुम्ही जाऊन समोरच्या कर्णधाराला भेटा.

त्यानंतरचं बोलणं तीन मिनिटांच्या आत. डावपेचांची चिरफाड पुढच्या सरावात.

बाहेर बसलेली मुलं

चूक झाल्याबरोबर कुणाला बदलू नका. चूक आणि बदली यांच्यात चार-पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर मूल "चुकलो की बाहेर" हे गणित मांडतं आणि पुढे बॉल मागणंच सोडतं. बाहेर येणाऱ्याने आत जाणाऱ्याच्या हाताला हात लावायचा, तुम्ही त्याला एक नेमकी चांगली गोष्ट सांगायची, मग तो बसेल. बसलेल्यांना काम द्या: आपल्याच जागेवर खेळणाऱ्या मुलाचे यशस्वी पास मोजणं, पाण्याच्या बाटल्या बघणं. रिकामं बसलेलं मूल टोमणे मारायला लागतं.

पालकांनी

मुलाच्या पायात बॉल आहे, दोन प्रतिस्पर्धी जवळ येताहेत, आणि ते मान वर करून सोबत्याकडे न बघता बाजूरेषेवरच्या बाबांकडे बघतं. त्या एका नजरेत बॉल जातो. म्हणून पालकांनी खेळाच्या सूचना द्यायच्या नाहीत, मग त्या बरोबर असल्या तरी. पंचांना एक शब्दही बोलायचा नाही. रेषेपासून दोन-तीन मीटर मागे उभं राहायचं, गोलच्या मागे नाही. समोरच्या संघाच्या चांगल्या खेळालाही टाळ्या द्यायच्या. मोसम सुरू होण्याआधी पालकांना एकत्र बोलावून पंधरा मिनिटांत हे सांगा, आणि कुणी मोडलं तर त्याच्याशी एकट्याने, सामना संपल्यावर बोला.

घरी परतताना सामन्याचा विषय मुलाने काढला तर बोला. नाही काढला तर भूक लागली का, एवढं विचारणं पुरेसं असतं.

नियम मोडला तर

पहिल्यांदा जवळ जाऊन हळू आठवण. दुसऱ्यांदा दोन मिनिटं बाहेर, शेजारी कुणीतरी बसलेलं. तिसऱ्यांदा त्या दिवसाचा खेळ संपला. मैदानाच्या फेऱ्या मारायची शिक्षा देऊ नका, त्याने धावणंच नकोसं होतं. आणि ही शिडी संघातल्या सर्वांत चांगल्या खेळाडूलाही तशीच लावा. त्याला एकदा सूट दिलीत की बाकी सगळ्या नियमांना अर्थ राहत नाही, आणि मुलं हे पहिल्याच वेळी ओळखतात. प्रशिक्षकालाही सूट नाही: २०१९ पासून बाजूरेषेवरच्या प्रशिक्षकांनाही पंच पिवळं आणि लाल कार्ड दाखवू शकतात.

"सभ्य मुलं मागे पडतात" असं म्हणणाऱ्या मोठ्या मुलांसाठी दोन उदाहरणं. इंग्लंडच्या गॅरी लिनेकरला संपूर्ण कारकिर्दीत एकही कार्ड मिळालं नाही, आणि १९८६ च्या विश्वचषकात सर्वाधिक सहा गोल त्याचेच होते. २०१८ च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल यांचे गुण, गोलफरक, केलेले गोल सगळं सारखं झालं, आपसातला सामनाही बरोबरीत सुटला होता. जपानची पिवळी कार्डं चार, सेनेगलची सहा. पुढच्या फेरीत जपान गेलं.

एखादं मूल सगळं करूनही पुन्हा पुन्हा भडकत असेल तर शिक्षा वाढवण्याआधी ते कधी भडकतं याची तीन-चार सामने नोंद ठेवा: कितव्या मिनिटाला, कुठल्या जागेवर खेळताना, कोण बघायला आलेलं असताना. दुसऱ्या अर्धात असेल तर त्याने आधी काय खाल्लं होतं आणि पाणी किती प्यायलं ते विचारा. ठरावीक जागेवर असेल तर ती जागा त्याला झेपत नसेल. आणि घरचं कुणी विशिष्ट माणूस आलं की होत असेल, तर बोलायला हवं ते त्या माणसाशी.